बाण पुसलेला दगड

आमची ताई दगडवेडी. दुसऱ्यांच्या खिडकीत कुंड्या, आमच्या खिडकीत खडे. केर काढताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. "एक दिवस कुणाचा तरी कपाळमोक्ष होईल," मी ओरडायची. ती हसून दगड बोटभर सरकवायची. झालं!

दगडही सगळे एकाच जातीचे. कर्बवायू विरघळलेलं गरम पाणी जमिनीत खोल मुरलं, की काळा-हिरवा खडक बदलून शंखजिऱ्यासारखा मऊ होतो. त्याच्या भेगांत पांढरं खनिज साचून शिरा होतात, त्या मात्र टणक. मग डोंगर दाबला गेला की मऊ खडक मुकाट सरकतो, पण शिरेला चुण्या पडतात, नाहीतर ताणून तिचे तुकडे होतात. ताईचं म्हणणं, पाणी मुरत होतं तेव्हाच दाब येत होता, आणि तोही पूर्वेकडून. तिच्या भूशास्त्र विभागातले बाकीचे म्हणत, छे, दाब पुष्कळ नंतरचा, दक्षिणेकडचा. या एका वादापायी तिने अख्खी नोकरी खर्ची घातली.

पुरावा म्हणजे तिने स्वतः खाणीतून काढलेला एक दगड. ती खाण आता पाण्याखाली गेलीय. दगड काढण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण काढायचा असतो, म्हणजे शिरांवरून दाब कुठल्या दिशेने आला ते नंतर सांगता येतं. तिने काढला होता, पण शाईने. कापण्याआधी धुवायला घेतला, आणि त्या गुळगुळीत दगडावर शाई कसली टिकतेय! ब्रश फिरला, बाण गेला. अगं, खाच मारायची ना आधी! त्या दिवशी प्रयोगशाळेतून आली ती तोंड उतरवूनच.

निवृत्तीआधीच्या तिच्या शेवटच्या सभेला मी मागच्या बाकावर बसले होते. विभागप्रमुख तिचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मॅडम, दगड तुम्ही काढलाय. बाण कुठे होता तेवढं सांगा, आमचा विश्वास आहे."

सांग गं बाई, सांगून मोकळी हो, मी मनात म्हणत होते.

"दिशेची खात्री देता येत नाही," ताई म्हणाली. "हा दगड पुराव्यात धरू नका."

बाहेर पडल्या पडल्या मी तिच्यावर उखडले. "अक्कल गहाण ठेवलीस का? मला दहादा दाखवलंस, बाण असा होता म्हणून! चांगलं आठवतंय तुला!"

"आठवतंय ना," ती म्हणाली. "पण मला हवं तसंच आठवतंय गं."

आणि भर रस्त्यात ती हमसाहमशी रडायला लागली.