पंडितनानांचं ‘नको’

चोपड्याच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये पंडितनानांचं टेबल आहे. आधी त्यावर टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, अर्ज तेच. टायपिंगची मराठी चाळीसची परीक्षा आपण पहिल्याच खेपेला पास झालो, हे नाना कुणी विचारलं नाही तरी सांगतात. त्यांची बोटं न बघता चालतात. फक्त वरच्या अंकांच्या ओळीत ती पहिल्यापासून अडखळायची, म्हणून तिथं नाना नजर टाकून घ्यायचे.

नानांना एक खोड आहे. खोड कसली, आमच्याकडची रीतच ती. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. चहा घेता? नको. घ्या हो. नको, आत्ताच झाला. मग समोरचा कप हातातच देतो आणि नाना तो बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत पितात. समोरच्याचं ‘नको’ खरं की रीतीचं, हे चेहऱ्यावरून ओळखायचं असतं, आणि त्यात नाना पटाईत होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला. तो लावून द्यायला बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुकानाची मालकीण दिपमाला आली. सुरू होता होता यंत्र एकेक विचारत गेलं आणि ती वाचून दाखवत गेली.

‘नाना, मराठी वाचून दाखवणारा आवाज आहे यात. ऐच्छिक आहे. टाकू का?’

त्याच महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले. ही गोष्ट नानांनी घरीसुद्धा सांगितली नव्हती. डोळे गेलेल्या माणसाकडून अर्ज कोण टाइप करून घेणार? तो आवाज त्यांना अगदी मनापासून हवा होता. ते म्हणाले, ‘नको.’ आणि वाट बघत बसले.

दिपमालाला घाई होती. तिनं चौकटीतली खूण काढली आणि पुढे गेली. यंत्रानं ते ‘नको’ जन्माचं धरलं. नको असलेल्या गोष्टींचा आग्रह मात्र त्याला बरोबर जमायचा. हा खेळ घ्या, ती बातमी बघा, रोज सकाळी कोपऱ्यातून वर यायचं. नानांनी अक्षरं मोठी करत नेली, शेवटी एका ओळीत दोनच शब्द मावू लागले, तेव्हाही ‘आवाज देऊ का?’ असं त्यानं विचारलं नाही. आवाज कुठल्याशा यादीच्या तळाशी पडून होता, आणि ती यादी वाचायला डोळे लागत होते. यंत्राचा राग येतो, पण नानांचाही येतो. दिपमालाचं दुकान दोनशे पावलांवर. जाऊन सांगायचं होतं. नाही गेले. अंकही त्यांनी बोटांवर सोडून दिले.

मागच्या पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून जमना आली होती, वनजमिनीचा दावा लिहून घ्यायला. नवरा खेमा वारल्यावर तीन एकर ती एकटी कसत होती. दावा मंजूर झाला तर जमीन तिची, नाहीतर तिला कुणीही उठवावं. यंदा होळी झाल्यावर ती पुन्हा आली आणि एक घडी पडलेला कागद टेबलावर ठेवला. तो दिवाळीत आला होता. तेव्हा ती ऊसतोडीला गुजरातेत गेली आणि कागद पेटीतच राहिला.

‘नाना, हाई काय लिखेल शे?’

तिला वाचता येत नव्हतं. नानांना दिसत नव्हतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग खाली ठेवला आणि दिपमालाला बोलावणं धाडलं.

दिपमालानं वाचलं. दावा नामंजूर. अर्जात नमूद वनातील कक्ष क्रमांक अठ्ठेचाळीसमध्ये दावेदाराची वहिवाट आढळली नाही. अपील साठ दिवसांत. ते दिवस कधीच उलटून गेले होते.

‘मनी जमीन सत्तेचाळीसमा शे,’ जमना म्हणाली. ‘मी सत्तेचाळीस सांगेल व्हतं.’

‘अर्जात काय आहे, बघा बरं,’ दिपमाला म्हणाली.

‘तो आवाज टाक,’ नाना म्हणाले. ‘मला दिसत नाही.’

दिपमाला त्यांच्याकडे बघत राहिली. ‘तेव्हाच का नाही सांगितलं? मी विचारलं होतं ना.’

‘एकदाच विचारलं होतंस.’

आवाज यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एका बाईच्या कोरड्या सुरात नानांचा अर्ज नानांनी ऐकला. कक्ष क्रमांक अठ्ठेचाळीस. पुन्हा लावला. अठ्ठेचाळीस. सातच्या शेजारी आठाची कळ.

‘चूक मनी शे, जमना,’ नाना म्हणाले. ‘उशीर का व्हयना ते लिखीसन अपील करूत. आत्तेच लिखू का?’

‘ऱ्हाऊ द्या, नाना.’

आता रीतीप्रमाणे पुन्हा विचारायचं होतं. नानांनी तिच्या दिशेनं पाहिलं. ती रागावली होती, थकली होती, की दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती, हे तिच्या चेहऱ्यावर असणारच. त्यांना ऊन दिसलं आणि उन्हात एक काळसर उंची. ती हलली, कागदाची घडी घातल्याचा आवाज झाला. नानांनी विचारायला तोंड उघडलं तेव्हा समोर नुसतं ऊन होतं.