पाकिटावरची बाई

वसंतमामा गेल्याचा आईचा फोन आला आणि मी धाराशिवहून निघाले. गावी, आमच्या तालुक्याच्या वाशीच्या स्टँडवर उतरले तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांचाच विषय चालला होता. "फटाक्याच्या पाकिटात बाया हुडकणारा म्हातारा गेला म्हणं," एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. मामा अजून घरातच होते, अंगणात तिरडी बांधणं चालू होतं. महिना उलटला, मधे दिवाळी येऊन गेली, पण त्या हसण्याचा राग उतरलेला नाही.

मामांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, सभांची पत्रकं आणि दिवाळीआधी तेरखेड्याकडच्या फटाका कारखान्यांची लेबलं. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर. मी सहावीत असताना एक व्यापारी नवं चित्र घेऊन आला. लहान मुलांच्या रॉकेटचं पाकीट. त्यावर ओठ विलग केलेली बाई, आणि रॉकेट तिच्या मांड्यांमधून वर निघालेलं. "रॉकेटच्या पाकिटावर रॉकेट नको का, मामा?" तो म्हणाला. "असू द्या की. पण ते तिथंच का?" "तुमची नजरच तशी, त्याला आमी काय करावं?"... हीच या धंद्याची हुशारी. चित्र काढणारा नामानिराळा आणि बोट दाखवणारा घाणेरडा. मामांनी काम नाकारलं. लेबलं दुसरीकडून छापून आली.

आमच्याकडची पोरं फटाके उडवायच्या आधी लेबलं सोडवून घेतात, वह्यांना, कंपासपेट्यांना चिकटवतात. त्या वर्षी ते लेबल माझ्या बाकावर चिकटलं, मग दप्तरावर. पोरं मला रॉकेट म्हणायला लागली आणि मी शाळेत जायचं बंद केलं. मामा मुख्याध्यापकांकडे गेले. "लेकरं हायत हो, त्यांना काय कळतंय," सर म्हणाले. "कळत न्हाय, तर मग पोरीच्याच बाकावर कसं चिकटलं?" सरांनी घंटेचं निमित्त केलं.

मग मामांनी पत्रक काढलं आणि तिथं ते चुकले. लोकांना पुरावा दिसावा म्हणून ते चित्र त्यांनी पत्रकाच्या मधोमध मोठं करून छापलं. आठवडी बाजारात वाटलं. मजकूर कुणी वाचला नाही. पोरांनी चित्र तेवढं कापून घेतलं. माझ्या बाकावर आता आणखी मोठी बाई आली, असं मैत्रिणीनं सांगितलं. मामा बाजारभर फिरून पत्रकं परत मागत होते आणि लोक म्हणत होते, "ऱ्हाऊ द्या की मामा, लई झ्याक छापलंय."

सोमवारी ते मला हाताला धरून वर्गात घेऊन आले. दुसऱ्या हातात ओलं फडकं. सगळ्या पोरांसमोर बाक घासला, कागदाचा शेवटचा पापुद्रा नखानं काढला. "हे चित्र म्या बी छापलं," ते पोरांना म्हणाले. "मोठ्यांनी विकायला काढलंय, आन् तुमाला वाटतंय तुमचा खेळ हाय." पोरं खाली बघत होती. मग मला म्हणाले, "बस." मी बसले.

तेव्हापासून दर दिवाळीला गल्लीतल्या लेकरांना ते फटाके द्यायचे, पण वरचा कागद काढून, छापखान्यातल्या रद्दीत गुंडाळून. या दिवाळीला छापखान्याचं शटर मी उघडलं. शाईचा वास तसाच होता... लेकरं सवयीनं आली. मी पुडे बांधत होते तेव्हा एका पोरीनं विचारलं, "ताई, चित्र का काढून टाकता?" मामांना याचं उत्तर द्यायला कधी लाज वाटली नाही. मला वाटली, क्षणभर. मग मी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि नीट सांगितलं. दारात थांबलेल्या तिच्या बापालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.