वरच्या मजल्यावरचा संप

पाणी एका जागी साचू देणं हा जगातला एकमेव गुन्हा आहे, बाकी सगळं माफ होऊ शकतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. भिलाईतल्या आमच्या सेक्टरमध्ये दुमजली क्वार्टर्स होती. खाली आम्ही, वर ते. प्लांटच्या पंप हाऊसमध्ये चार्जमन असल्यामुळे सगळी कॉलनी त्यांना पंप हाऊसवाले म्हणायची. मूळचे वर्ध्याकडचे. कुणाचं प्रमोशन अडलेलं असो, कुणाचं पोट धरलेलं असो, की कुणाच्या घरात सासू-सुनेचा अबोला असो, ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "सर्क्युलेशन नाई नं भाऊ." दुसरं निदान मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. लोकांच्या कुंड्यांखालच्या बशा ते जाता-जाता न विचारता उपड्या करत. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हा तीर्थ किती वाजता भरून ठेवलं याची त्यांनी भटजींकडे चौकशी केली आणि उत्तर ऐकल्यावर फक्त प्रसाद घेतला.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या एकुलत्या मुलीने लोणच्याच्या काचेच्या बरणीत दोन गोल्डफिश पाळले होते. मुलीपुढे त्यांचं काही चालत नसे, म्हणून ते रोज दोन वेळा पाणी बदलून गप्प बसत. त्या मे महिन्यात मुलीचं लग्न झालं आणि ती अमरावतीला गेली. निघताना रडणं वगैरे यथासांग झाल्यावर गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, "बाबा, माह्या मासोळ्या सांभाळजा. दिवाळीले येईन तवा पाहीन." तिसऱ्या दिवशी बरणीतलं पाणी गढूळ झालं आणि एक मासा वर येऊन तोंड उघडू लागला. लग्नासाठी ज्यांनी मोजून एक दिवस सुटी घेतली होती, त्यांनी माशांसाठी तीन दिवसांचा अर्ज टाकला.

त्याच सकाळी ते जिन्यातून घाईने खाली उतरताना माझ्या बायकोला सांगून गेले, "वहिनी, आजपासून आमच्या घरी संप!" पोरीच्या लग्नात राबराब राबलेल्या त्यांच्या सौभाग्यवतींनी अखेर स्वयंपाक बंद केला, असा आमच्या घरात अर्थ लावला गेला. तसं वाटायला जागा होतीच. बायकोने दुपारी त्यांच्याकडे भाजी-पोळीचा डबा पोचवला आणि वर गेल्यावर मूकपणे त्या माऊलीचा हात हातात घेतला. माऊलीला काही कळेना. संध्याकाळी पंप हाऊसवाल्यांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला आकृती काढून मला समजावलं, तेव्हा उलगडा झाला. वर काचेची मोठी टाकी. तिच्यातलं जास्तीचं पाणी पाइपातून खाली ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबात पडणार. त्या टबात स्पंज, गिट्टी आणि कोळसा. पाणी त्यातून गाळून निघणार, आणि पंप ते रबरी नळीने पुन्हा वर पाठवणार. खालच्या टबाला त्यांच्या प्लांटच्या भाषेत संप म्हणत. "आमच्या पंप हाऊसात हेच हाये," ते म्हणाले, "फक्त तिथं मासे नाई. त्याच्यानं लोकायचं लक्ष लागत नाई."

लोखंडी चौकटीची टाकी जवळच्या कोहका गावातल्या वेल्डरकडून आली. टब घरचाच होता. राहिला पंप. तो त्यांनी चालू कूलरमधून काढला.

"बाहेर आग बरसून राहिली अन् हे कूलर खोलून राहिले!" त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, आम्हाला साक्षीला ठेवून म्हणाल्या. "मी का तव्यावर बसू?"

"तुले गरमी झाली तर तू बोलतं," त्यांनी स्क्रू फिरवता-फिरवता उत्तर दिलं. "माशाले बोलता येते का?"

पंप सुरू झाला. पाणी खळखळत खाली आलं, गाळून वर गेलं, आणि दोन्ही मासे टाकीत इकडून तिकडे असे फिरू लागले की जणू त्यांनाही ड्युटी लागली होती. पंप हाऊसवाल्यांनी लॉगबुक सुरू केलं. त्यात रोज पाण्याची पातळी, पंपाचा आवाज आणि 'मासे: नॉर्मल' अशी नोंद होऊ लागली. सकाळी ड्युटीवर जाताना ते टाकीसमोर क्षणभर उभे राहत. वहिनींसमोर असे उभे राहिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी लाइट गेली. मी पेपर वाचत पलंगावर पडलो होतो. पंखा थांबला, आणि थोड्या वेळाने अग्रलेखावर टपकन एक थेंब पडला. मग दुसरा, मग धार. मी वर धावलो. लुंगी गुडघ्यापर्यंत धरून ते पाण्यात उभे होते. पंप बंद पडला होता, आणि वर नेणारी नळीच आता टाकीतलं पाणी उलटं ओढून खाली आणत होती. संप भरून वाहत होता. मी नळी उपसून काढली, तोपर्यंत टाकीत दोन बोटं पाणी उरलं होतं आणि त्यात दोन्ही मासे आडवे पडले होते.

त्या वेळी ते सर्क्युलेशनबद्दल काही बोलले नाहीत. चेहरा पार उतरला होता. "पोरीले काय सांगू भाऊ?" एवढंच म्हणाले, आणि पाण्यातच खाली बसले.

वहिनींनी आधी माठ टाकीत ओतला. मग फरशी पुसता-पुसता, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "डब्यातून रॉकेल काढतो तवा नळीत हवा शिरली का धार तुटते. तुमच्या नळीले वरच्या अंगाले, पाण्याच्या जरासं खाली, एक भोक पाडा. पाणी तितकं उतरलं का हवा शिरन अन् थांबन."

वीस वर्षं पंप चालवलेला तो माणूस वहिनींकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, दाभण तापवला आणि नळीला भोक पाडलं. लाइट आल्यावर टाकी भरून त्यांनी पंप मुद्दाम बंद केला. पाणी जेमतेम बोटभर उतरलं, नळीने एक ढेकर दिला आणि सगळं थांबलं. संध्याकाळपर्यंत मासे सरळ होऊन पोहायला लागले. लॉगबुकातली त्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे: 'मॉडिफिकेशन – सौ. यांचेकडून.' दुसऱ्या दिवशी कूलरला नवा पंप आला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी वहिनींना न मागता आणून दिलेली ती पहिली वस्तू, असं वहिनीच सांगत.

दिवाळीला मुलगी आली. ते इस्त्रीचा शर्ट घालून टाकीपाशी उभे होते. मी फराळाची ताटली परत द्यायला गेलो होतो, म्हणून हे पाहू शकलो. ती आत आली, टाकीकडे बघून थबकली आणि हसून म्हणाली, "अय्या, हे जिवंतच हायेत? मी त विसरूनच गेली होती!"

"बराबर हाये," ते म्हणाले. "संसाराले लागली तू." आणि सकाळीच धुतलेला स्पंज पुन्हा धुवायला मोरीत गेले. बराच वेळ धूत होते.

रिटायर होऊन ते वर्ध्याला गेले, तेव्हा टाकी, संप, पंप आणि मासे आमच्याकडे आले. शिफ्ट बदलताना घेतात तशी त्यांनी माझी सही घेऊन चार्ज दिला. पुढे काही वर्षांनी कामासाठी वर्ध्याला जाणं झालं, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. मासे बदलत गेले तरी टाकी आमच्याकडे नीट चालली होती, आणि ती बातमी मी मोठ्या उत्साहाने घेऊन गेलो होतो. त्यांनी विचारलंच नाही. घरात एकही मासा दिसला नाही. शेवटी मीच विचारलं, "इथे मासे नाही ठेवलेत?"

"आता कायले?" ते म्हणाले. "जावयाची बदली इथंच झाली. पोरगी रोज संध्याकाळी येते."

चहा झाला. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "घरी कोन कोन राह्यते आता?"

"आम्ही दोघंच," मी म्हटलं. "मुलगा पुण्याला असतो. मुलीचं लग्न झालं."

त्यांनी जरा विचार केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी पूर्वी कधी ठेवला नव्हता.

"मंग पंप चालू ठेवजा," ते म्हणाले.

ठेवतो म्हणालो, आणि स्टेशनकडे चालू लागलो.