मिंगेलच्या दारासमोरची चांदणी

इनास गेला त्या सकाळी मी वाचनालयाचं कुलूप काढत होतो. फोन मिंगेलचा होता. "इनास गेलो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मिंगेल हा इनासचा धाकटा भाऊ. मालवणात एकाच पाणंदीत दोघांची घरं समोरासमोर, आणि कित्येक वर्षं दोघांत बोलणं नाही. मिंगेलच्या तोंडून भावाचं नाव मी इतक्या वर्षांनी ऐकलं, ते असं.

इनास आणि मी शाळेपासूनचे. मी पुस्तकांत शिरलो, तो कॅमेऱ्याच्या मागे गेला. गावातली लग्नं, बारशी, बाप्तिस्मे, दशावतार, सगळं त्याने काढलं. आधी जाड कॅसेटींवर, मग सीडीवर. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि इनासचं दुकान ओस पडलं. लोकांच्या घरातल्या सीडी लावायच्या मशीनही बिघडल्या, आणि एकेक जण लग्नाच्या सीडीची पिशवी त्याच्या टेबलावर आणून ठेवू लागला. "तुझ्या नाताळच्या चांदण्यांका घी," असं सांगून. कारण तोवर इनासने नवं काम सुरू केलं होतं. नोव्हेंबर उजाडला की तो दुकानात चांदण्या करायला बसायचा. सीडी तशीच कापली तर तडकते, म्हणून पेजेच्या तोपात पाणी उकळायचं, सीडी त्यात बुडवायची आणि बाहेर काढली रे काढली की कात्री चालवायची. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, फाटक्या जाळ्याचा नायलॉन, आणि वर या चकाकत्या पाकळ्या. जोडीला तो येशूच्या जन्माचा गोठाही मांडायचा, त्याच्या छपरावर मेलेल्या कीबोर्डची बटणं कौलांसारखी एकावर एक चढवलेली असत. कॉम्प्युटरच्या पोटातल्या हिरव्या पट्ट्या म्हणजे वायंगणाचं, उन्हाळी भाताचं शेत, आणि जाळं तरंगतं ठेवणाऱ्या जुन्या बोयांची मेंढरं. पर्यटक फोटो काढायचे. कुणी 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की त्याचं डोकं फिरे. "टाकाव कोणी म्हटला? तुमी टाकलास म्हणान काय ता टाकाव झाला?"

त्याचा एक नियम होता. ज्या घरचं लग्न, त्या घरातल्या कुणीतरी ती सीडी शेवटची एकदा त्याच्या दुकानात बसून बघायची. मगच तो कात्री लावणार. त्यासाठी त्याने एक जुनी मशीन जिवंत ठेवली होती, एक खोका टीव्ही आणि समोर दोन खुर्च्या. सुरुवातीला माणसं आली. बंदरावर मासे विकणारी एक बाई नवऱ्याला ओढून घेऊन आली होती ते मला आठवतं. पडद्यावर हार घालणारा कुरळ्या केसांचा तरुण बघून ती म्हणाली, "इनासा, ह्यो कोण रे? माका खरा सांग, ह्योच काय तो?" नवरा टकलावरून हात फिरवत म्हणाला, "तू तेवा गप ऱ्हवी होतंस, ता पण बघून घी." दोघं शेवटपर्यंत बसली आणि जाताना तिने सीडी कापायला दिली नाही, पदरात गुंडाळून घेऊन गेली. इनास त्या दिवशी खूश होता. पुढे लोकांना वेळ होईना. "काप रे, कोण बघता!" मग इनास मला बोलवायचा. वाचनालय बंद करून मी जायचो आणि आम्ही दोघं परक्यांची लग्नं पुरी बघायचो... जेवणावळी, रुसलेल्या आत्या, मध्येच कॅमेऱ्याला जीभ दाखवणारी मुलं. त्यातली निम्मी माणसं आता नव्हती. सीडी संपली की इनास पाणी उकळायला ठेवायचा.

एक सीडी मात्र वेगळी होती. मिंगेलच्या लग्नाची. मिंगेलकडची प्रत त्याच्या मुलांनी खेळून खरवडून टाकली होती. उरली होती ती इनासकडची. तीत रोस होता. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात, तो विधी. त्यांची आई वाडगाभर रस मिंगेलच्या डोक्यावर ओतते, तो डोळे चोळत ओरडतो, ती हसते आणि ओल्या हाताने तोंड झाकून कॅमेऱ्याला म्हणते, "माका काय काढतंस रे इनासा, न्हवऱ्याक काढ." तिचे फोटो होते, पण ताठ बसलेले. हलणारी, बोलणारी आई एवढ्याच जागी होती.

ती वारली तेव्हा मिंगेल लांब बोटीवर नोकरीला होता. कळवलं, तो निघाला, पण त्याला कुडाळ स्टेशनवर उतरेपर्यंत एक दिवस उशीर झाला. पावसाचे दिवस, वीज नाही, बर्फ मिळेना. फादरांनी विचारलं, दफनासाठी थांबायचं का. इनास नको म्हणाला. मिंगेल आला तो सरळ सिमितरीत, दफनभूमीत गेला आणि तिथून घरी येऊन भावाला एवढंच म्हणाला, "आवशीचा तोंड तरी माका दाखवचा होतास." त्यानंतर तो इनासशी बोलला नाही.

इनासला ते तोंड दाखवायचं होतं. त्या सीडीतलं. दर नाताळाला तो मला निरोप घेऊन समोर पाठवायचा, आणि दर वेळी मिंगेल म्हणायचा, "माका वेळ नाय." मी एकदा इनासला म्हटलं, अरे, प्रत काढ आणि मोबाइलवर पाठव, बघेल. तो चिडला. "मोबाइलार धाडलंय तर तो संडासात बसान बघतलो. माका तो हंय बसान बघूक होयो." हंय म्हणजे त्या दुसऱ्या खुर्चीवर. बाकी सगळ्यांच्या सीडी कापण्याआधी त्याने कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या, हिची प्रत त्याने काढू दिली नाही. मिंगेल आला असता तर दोघांत काय झालं असतं मला ठाऊक नाही. पण तो हट्ट प्रेमाचा होता असं आता कुणी म्हणालं की मला राग येतो. एकाला माफी मागायची नव्हती, दुसऱ्याला द्यायची नव्हती, आणि मध्ये ती बाई एका प्लॅस्टिकच्या चकतीत हसत बसली होती.

जायच्या आदल्या वर्षीच्या नाताळात इनासने एक मोठी चांदणी केली. मध्यभागी ती सीडी, न कापता, अख्खी. पाणंदीवर आलेल्या आंब्याच्या फांदीला, बरोबर मिंगेलच्या दारासमोर, हात वर केला की पोचेल अशी टांगली. मी म्हटलं, "खारं वारं आहे, पापुद्रा सुटेल. तुला मी सांगायचं?" तो म्हणाला, "तीन राजांच्या सणापर्यंत येतलो तो. तू फक्त सांग, आवय त्याच्यात आसा म्हणान." मी सांगितलं. मिंगेल ओसरीवर जाळं शिवत होता. त्याने मानही वर केली नाही. "लटकता तर लटकांदे," म्हणाला.

सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला. चांदणी तिथेच राहिली. शिमगा झाला, आंबे उतरले, पाऊस लागला. मी दोनदा काढायला गेलो, इनासने अडवलं. "तेना काढूची." ज्या माणसाने उभा जन्म सीडी पुसून, कागदात घालून जपल्या, त्याने ही एक पावसात ठेवली. समोरून मिंगेल दिवसातून कितीदा तरी त्या फांदीखालून जायचा. मग नोव्हेंबर आला, इनासने नव्या कामट्या तासायला घेतल्या, आणि त्या अर्ध्यावर टाकून तो गेला.

दफनाचं सगळं मिंगेलनेच केलं. पेटी आणली, फादरांशी बोलला, आलेल्यांना चहा दिला. या वेळी तो गावात होता. भावाचं तोंड त्याने बघितलं, बराच वेळ... आणि मग झाकण लावायला खूण केली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तो वाचनालयात आला. हातात चांदणी. "सदा, ह्या लावन दी." इनासच्या दुकानाची चावी त्याच्याकडेच होती. आम्ही गेलो. त्याने खुर्चीवरची धूळ हाताने झाडली आणि तो बसला. त्याच दुसऱ्या खुर्चीवर. मी तारा सोडवून सीडी मोकळी केली तेव्हाच मला कळलं होतं. चित्र ज्यात असतं तो चंदेरी थर गळून गेला होता, कडेला एक-दोन खवले तेवढे चिकटून होते. तरी मी मशीनमध्ये घातली. ती थोडा वेळ घरघरली आणि सीडी बाहेर आली.

"परत घाल."

परत घातली. परत बाहेर आली.

"कायच नाय?"

"काही नाही."

तो टीव्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू बघलंस मा? ती काय करता त्याच्यात?" मी सांगितलं. वाडगा, रस, तिचं हसणं, इनासला ती काय म्हणते ते. तो ऐकत होता. "आणि तोंड?" त्याने विचारलं. तोंड कसं सांगायचं... मग इनासने एकदाच मला सांगितलेलं त्याला सांगितलं. त्या दिवशी आईचं तोंड फार बदललं होतं, आणि ते मिंगेलने बघू नये म्हणून इनास थांबला नव्हता.

मिंगेल उठला. "ता मी ठरवूक होया होता," म्हणाला. आणि दारात जाऊन पुन्हा वळला. "आणि ता माका तेना सांगूक होया होता. तू नाय."

इनासच्या कॉम्प्युटरवर गावातली लग्नं आहेत. आता लोक मागायला येतात, मी काढून देतो. ही नाही. सीडी मी होती तशी चांदणीत बसवली आणि मिंगेलकडे नेली, त्याने घेतली नाही. ती आता वाचनालयाच्या खिडकीत आहे. मधल्या सीडीतून पलीकडचा रस्ता दिसतो.