बहरीनमधलं माझं प्रमोशन

चहा येऊ द्या, तोवर सांगतो. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण स्वतःच्या मूर्खपणाबद्दल अख्ख्या ऑफिसला पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो आता तुमच्यासमोर बसलाय. नीट बघून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बहरीनला एसी बसवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. गुदैबियात छोटासा फ्लॅट, बायको कुंदा आणि मुलगी प्रेरणा. नागपूरला प्लॉट घेऊन ठेवलेला. त्यावर घर बांधायचं आणि मग सुखाने जगायचं, असा माझा बेत. मग म्हणजे कधी, ते मात्र विचारू नका. कुंदा सुरुवातीला विचारायची, पुढे थकली.

त्या न बांधलेल्या घरासाठी मी दर शुक्रवारी सेलमधून काहीतरी आणायचो. डिनर सेट, गालिचा, झुंबर, मोठा टीव्ही. सगळं खोक्यात बंद. आमचा टीव्ही खोक्यात आणि सिनेमा बघायला आम्ही समोरच्या कुरियनकडे. प्रेरणा त्या टीव्हीच्या खोक्यावरच होमवर्क करायची.

"अहो, एक कप तरी काढू द्या," कुंदा म्हणायची. "पाहुणे आले की मी स्टीलच्या गिलासात चहा देते."

"घर झाल्यावर काढू."

"अन् तोवर जगायचं नाही काय?"

मला वाटायचं, हिला बचत कळत नाही.

एका शुक्रवारी झुरळांचं औषध मारायला माणूस येणार होता. म्हणून मी सगळे खोके बाहेर पॅसेजमध्ये रचले, आणि कोणी पळवू नये म्हणून प्रत्येकावर मार्करने माझं नाव आणि, शेवटी जायचे तिकडेच म्हणून, नागपूरचा पत्ता लिहिला. तेवढ्यात कुरियन दारात आला. हा आमच्याच कंपनीत, मॅनेजरसाहेबांचा सेक्रेटरी. मल्याळी माणूस, हिंदी बेताचीच.

"गजभिये, सब घर जाता?"

"हां, सब घर जाता है."

"फायनल?"

"एकदम फायनल. इंशाल्ला."

त्याने मला मिठीच मारली. माझ्या डिनर सेटसाठी याला एवढं भरून का यावं, ते मला कळेना. त्याचं 'सब' म्हणजे आम्ही तिघं आणि माझं 'सब' म्हणजे खोके, हे समजायला मला महिना लागला.

आता दुसरी भानगड ऐका. त्याच सुमारास आमच्याकडे स्टोअर्स सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. ती मलाच मिळणार, असं मी मनाशी ठरवून बसलो होतो. त्यामुळे शनिवारी ऑफिसात पाय ठेवताच जो तो हात मिळवायला लागला, तेव्हा मी काय समजायचं?

"मबरूक, अभिनंदन, गजभिये. इतकी वर्षं राबलास. आता आराम कर."

सुपरवायझरला आरामच असतो, हे मीही ऐकून होतो. दुपारी मिठाईच्या दुकानातून पेढे आणून वाटले.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गोरा माणूस, मोजकं बोलणारा.

"ऐकलं ते खरं का?"

"तुमची परवानगी असेल तर, सर."

"मी कशाला अडवू? आर यू हॅपी?"

"व्हेरी हॅपी, सर."

"या महिन्याच्या शेवटापासून चालेल? तुझं काम तोवर तुझ्या हाताखालच्या जोसेफला शिकवून ठेव."

बरोबरच आहे. मी वर गेलो की माझ्या खुर्चीवर कोणीतरी लागणारच. कुरियनने कागद पुढे केले, मी सह्या केल्या. आनंदात कोण वाचत बसतं? आणि जोसेफला असा शिकवला म्हणता, की पोटच्या पोराला कोणी शिकवणार नाही.

घरी आलो तर कुंदा दारातच उभी. तिला कुरियनच्या बायकोने सांगितलं होतं.

"खरंच ठरलं काय?"

"ठरलं. साहेबांनी हो म्हटलं."

ती रडायलाच लागली. माझ्या प्रमोशनचं हिला एवढं कौतुक, हे मला नवीनच होतं. डोळे पुसून म्हणाली, "मग जुनी भांडी वाटून टाकू?"

"टाक. नव्या घरात नवीन काढू." मी माहूजसारख्या बड्या वस्तीतला फ्लॅट डोळ्यांसमोर आणला होता. सुपरवायझरने गुदैबियात राहायचं म्हणजे बरं दिसत नाही.

"अन् प्रेरणाच्या शाळेत सांगून येऊ?"

"सांग की. चांगली बातमी आहे."

प्रेरणाने विचारलं, "पप्पा, विल आय गेट माय ओन रूम देअर?" मी म्हटलं, मिळेल बेटा.

पौर्णिमेला वंदनेसाठी आपली मंडळी रामटेकेंच्या घरी जमली, तिथेही तेच. "जय भीम, गजभिये. सुटलास बाबा," रामटेके म्हणाले. मी म्हटलं, "हो ना, त्या काउंटरवरून एकदाचा सुटलो." ते नुसते हसले.

तो महिना आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं. कुंदा स्वयंपाक करताना, सामान बांधताना गाणी म्हणायची. ही बांधाबांध माहूजसाठी, असं मी धरून चाललो. मी ऑफिसातून वेळेवर घरी यायचो. एकदा तर तिघं समुद्रावर जाऊन बसलो, काहीही विकत न घेता. मला वाटलं, हुद्दा वाढला की घरात असं सुख येतं.

महिनाअखेरीला ऑफिसने पार्टी ठेवली, कुंदा आणि प्रेरणाही होत्या. मला मोठी सूटकेस भेट मिळाली. आता कामासाठी सौदीला जावं लागणार, असं मी शेजारच्याला हळूच सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग साहेब बोलायला उभे राहिले.

"पैशापेक्षा घर मोठं, हे फार थोड्यांना कळतं. मिस्टर गजभिये उद्या कायमचे मायदेशी जात आहेत. आम्ही त्यांना सुखाच्या शुभेच्छा देतो."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात थांबायला थोडा वेळ लागला.

साहेबांना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"तुझा व्हिसा कॅन्सलला गेलाय. आणि खरं सांगू? स्टोअर्सचा खर्च कमी करायचे आदेश होते. कोणाला काढायचं, हा मला प्रश्न होता. तू स्वतःहून निघालास, मला हायसं वाटलं."

"आणि सुपरवायझर?"

"ती जागा तर आम्ही बंदच केली."

मी हातापाया पडलो. शेवटी ते म्हणाले, कागद थांबवतो, पण आता जागा फक्त हेल्परची आहे, जोसेफच्या हाताखाली. फॅमिली ठेवता येणार नाही.

पार्टीहून परतताना टॅक्सीत मी कुंदाला सांगितलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही पण चला," ती म्हणाली. "राहू भाड्याच्या खोलीत."

"अगं, घर व्हायचंय ना अजून."

 दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर प्रेरणाला पुढे करून माझ्याकडे वळली. "महिनाभर तुम्ही किती हसत होते. मला वाटलं, आमच्यासंगं घरी जायच्या आनंदात हसता." आणि आत निघून गेली. तिला हाक मारावी, असं मला वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय?

मी एका खोलीत भाड्याची कॉट घेतली आणि कामावर हजर झालो. पहिल्याच दिवशी गोडाऊनच्या मागे सावलीत बसून जुन्या हेल्परबरोबर चहा पीत होतो, तर जोसेफ आला.

"यल्ला, चला, गजभिये. चहा खलास."

म्हटलं, "जोसेफ, मी आहे रे. आत्ताच बसलो."

तो बिचारा खरंच अवघडला. मान खाली घालून म्हणाला, "सर, हेल्परलोग को ज्यादा बैठने नहीं देने का. आपनेच सिखाया."

मी कप खाली ठेवला आणि उठलो. काय करणार, शिकवलं चांगलंच होतं.