बंबखान्याचे चार ठोके

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण दुपारी कुठं देवळातली घंटा वाजली तरी हातातलं काम थांबवून मी ठोके मोजतो. ही खोड मला बारामतीत फौजदार असताना लागली.

तिथं इंग्रजांच्या काळातला बंबखाना होता, म्हणजे आगीच्या बंबाचं जुनं ठाणं. नवं केंद्र झालं आणि त्याला कुलूप लागलं. एका उन्हाळ्यात भर दुपारी तिथली घंटा वाजली आणि थोड्याच वेळात आगीची वर्दी आली. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण तसं तीनदा झालं. मेलेला बंबवाला घंटा वाजवतो, अशी बोलवा उठली.

समोरच्या सायकल दुकानदारानं खबर दिली, "साहेब, मागच्या पडक्या भिंतीतनं एक म्हातारा आत जातो. घंटा आदी वाजती, आग मागनं कळती."

ज्याला आगीची खबर आधी, लावणाराही तोच, हे आमच्या खात्याचं साधं गणित. म्हातारा सांगवीचा निघाला. तो आणि त्याचा बाप, दोघंही बंबावर नोकरीला होते. मी मागची वाट बुजवून घेतली, दाराला नवं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि त्याला ठाण्यात बसवलं.

"आबा, आग लागणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?"

"लागनार न्हाय, लागल्याली दिसती. मनोऱ्यावरनं धूर दिसतो. एक ठोका मंडईचा, दोन नदीकडचं, तीन पेठंचं, चार लोहारआळीचं. ठोकं मोजूनच बंब निघायचा. आता कुनी मोजत न्हाय."

"बंबखाना बंद आहे. मग तुम्ही कशाला जाता?"

"नजर ठिवायची बंद कर, असं मला कुनी सांगितलंच न्हाय."

म्हातारा बेरकी आहे, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात घंटा वाजली. सावकाश, चार वेळा. ठाणे अंमलदाराची लेखणी हातातच राहिली. म्हातारा माझ्यासमोर होता आणि किल्ली माझ्या खिशात. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

"साहेब, लोहारआळी. बंब धाडा," म्हातारा उठत म्हणाला.

मी माणसं घेऊन बंबखान्याकडं धावलो, त्याचा साथीदार पकडायला. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणी नव्हतं, फक्त घंटेचा दोर हलत होता. आम्ही खोली न् खोली धुंडाळली. शेवटी मनोऱ्यावर चढलो, तेव्हा लोहारआळीतला धूर दिसला आणि मग मी बंबाला वर्दी दिली.

तिथं शिवणकाम करणारी एक विधवा जेवून आडवी झाली होती. बंब पोचला तेव्हा छप्पर खाली आलं होतं. पंचनाम्यात विजेच्या जुन्या तारा निघाल्या. आधीच्या तिन्ही आगीही तशाच लागल्या होत्या.

म्हाताऱ्याला मी हात जोडून सोडलं. तो म्हणाला, "माजं ऱ्हाऊ द्या. चार ठोकं तुमी ऐकलं व्हतं न्हवं?"

डायरीत मी 'घंटा वाऱ्याने वाजली असावी' असं लिहिलं. त्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं. पोलिसाला आधी 'कोण' विचारायची सवय असते. मीही तेच विचारत बसलो आणि तेवढ्यात ती बाई गेली. घंटा कुणी वाजवली हे मला आजही माहीत नाही. ती कुठं बोलावत होती, ते मात्र म्हाताऱ्यानं मला वेळेवर सांगितलं होतं.