भिंतीतली दुपारची टकटक

आमचा मामा नळदुरुस्ती करतो, पण लोक त्याला ओळखतात ते भुतांसाठी. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली, न्हाणीघरातून हुंदके ऐकू आले, की पहिला फोन मामाला. चाळीस वर्षांत त्याने पंधरा-वीस भुतं तरी पकडली असतील. त्यातलं एक सैल झडप निघालं, एक गंजलेली टाकी, एक शेजाऱ्यांचं मांजर.

"भूत पाण्याचं असतं नाहीतर मनाचं," तो म्हणतो. "मनाचं मी घेत नाही. पाण्याचं सोडत नाही."

माणूस गुणी, पण फुशारकी मारण्यात कुणाला ऐकायचा नाही. पाइप टाकून भिंत बुजवण्याआधी तो ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने तारीख कोरतो आणि खाली तीन रेघा ओढतो. 'माझ्या हातचं काम वाजत नाही' हे त्याचं पालुपद घरात आम्हाला तोंडपाठ आहे.

यंदा त्याचा गुडघा धरला होता, म्हणून स्कूटरवरून त्याला मी नेत होते. त्या शुक्रवारी आम्ही एका निवृत्त टायपिस्ट आजींकडे गेलो. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. ते शेजारच्या खोलीत वाचत बसायचे आणि तीन वाजता भिंतीवर दोनदा टकटक करायचे, म्हणजे चहा हवा. दोन महिन्यांपासून ती टकटक पुन्हा सुरू झाली होती, आणि आजी रोज दोन कप चहा करू लागल्या होत्या.

मुलाने तो दुसरा कप पाहिला आणि कारण विचारलं. तो यायचा रविवारी, आणि रविवारी भिंत गप्प असायची. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला आता आपल्या घरी न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. त्या शुक्रवारी तो तिला न्यायलाच आला होता, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

आजींची एकच अट होती. "आधी नळवाल्यांना भिंत बघू दे. काही निघालं नाही तर मी मुकाट्याने येते."

तीन वाजले. टक. टक.

मुलाचा चेहरा उतरला. मामाचा खुलला. त्याने मला वरच्या मजल्यावर पिटाळलं. तिथे नवीन भाडेकरू होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी वॉशिंग मशीन घेतलं होतं, ते रोज दुपारी तीनच्या सुमारास लागायचं. रविवारी ते नवराबायको तिच्या माहेरी जेवायला जात.

"मशीन पाणी एकदम तोडतं, त्याचा पाइपाला झटका बसतो," मामाने समजावलं. "पट्टीने आवळलेला असेल तर हलत नाही. इथे कुणा गाढवाने पट्टीच लावलेली नाही."

त्याने छिन्नी घेऊन गिलावा फोडला, आणि त्याचा हात थांबला. पाइपामागे बावीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली तीन रेघा.

मला हसू आवरेना. मुलगा मागे उभा होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मामाने मूठभर सिमेंट थापलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याने रुमालाने तोंड पुसलं.

"गाढव मीच," तो म्हणाला. "हे बघा, माझी खूण. चूक माझी आहे. तुमच्या आईचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहेत."

मला त्या क्षणी मामाचा फार अभिमान वाटला. मुलाने वाकून ती तारीख वाचली. मग त्याने बॅग उचलली आणि आत कपाटापाशी नेऊन ठेवली.

मामाने दोन पट्ट्या आवळल्या. वर मशीन पुन्हा लावून पाहिलं. भिंत गप्प.

"आता नाही वाजायची," मामा आजींना म्हणाला.

"पाइपच असणार, हे मला ठाऊक होतं हो," आजी म्हणाल्या. "पण चहा मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?"

त्यांनी उठून आधण ठेवलं. आम्ही चौघं होतो. आजींनी पाच कप काढले. मुलाने पाहिलं, आणि पाचवा कप पुसून त्यानेच ट्रेमध्ये ठेवला.